न निघणारा पिवळा

नदीकाठच्या त्या गावात हळदीशिवाय दुसरं पीक नव्हतं आणि रेवण वैद्याशिवाय दुसरा वैद्य नव्हता. काढणी झाली की चुलवणांवर मोठाल्या काहिली चढत. हळद शिजे, उन्हात वाळे. तेवढे दिवस गावातली माणसं नखांपासून केसांपर्यंत पिवळी होऊन फिरत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

रेवणचा हळदीवर जीव होता. खोकल्याला तो चिमूटभर हळद गरम दुधातून देई, जखमेवर हळदीचा लेप लावी. माणसं बरी होत. पण नाव झालं तसा त्याच्या मनात एक विचार शिरला. चिमूट एवढं करते, तर मूठ किती करील? त्याने हळद तुपात आटवली, ती अंगात चांगली मुरावी म्हणून मिरपूड घातली आणि बोराएवढ्या गोळ्या वळल्या. आजारी असो वा धडधाकट, रोज अनशापोटी दोन गोळ्या घ्या, असं तो सांगू लागला. पूर्वी तो रोग्याची जीभ, नाडी, डोळे पाहत असे. आता ओट्यावर बसून नुसत्या गोळ्या वाटू लागला.

आईबाप गेल्यावर थोरली बहीण हौसाक्का हिनेच त्याला वाढवलं होतं. ती काहिलीवर कामाला जाई. भावाची गोळी म्हणून ती दोनच्या जागी चार घेऊ लागली. हळूहळू तिची भूक गेली, अंगाला खाज सुटली.

“रेवण, लघवी काळपट होतेय रे,” एकदा ती म्हणाली.

“गोळी अंगातली घाण काढतेय, अक्का. आणखी एक वाढव,” रेवण म्हणाला. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

कामावरच्या बायका तिची थट्टा करीत. “काहिलीत बुडी मारलीस काय गं हौसा?” तीही हसे. पिवळ्या गावात पिवळं माणूस कोण निरखून बघणार?

गोळीची कीर्ती राजाच्या कानावर गेली. देवीच्या जत्रेला राजा स्वतः येणार, रेवणला शालजोडी देणार, आणि राज्यातल्या प्रत्येक घरात ही गोळी रोज घ्यावी अशी दवंडी पिटवणार, असं ठरलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी चुलवणं विझली. रिवाजाप्रमाणे सगळं गाव नदीवर आंघोळीला गेलं. शिकेकाईने, नारळाच्या शेंडीने माणसांनी अंगं घासली. नदीचं पाणी पिवळं झालं आणि माणसं आपापल्या मूळ रंगाची झाली. हौसाक्का मात्र घासतच राहिली. आधी बायका हसल्या. मग थट्टा करणारीनेच पुढे होऊन तिच्या हातातली शेंडी काढून घेतली. “पुरे गं. रक्त येईल.”

घरी येऊन अक्काने भावापुढे दोन्ही हात धरले. “माझी हळद निघत नाही रे.”

रेवणने तिला दारातल्या उजेडात उभं केलं आणि पापणी खाली ओढली. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळंधमक झालं होतं. हळद कितीही उडाली तरी ती डोळ्यांचा पांढरा भाग रंगवत नाही. ही कावीळ होती. काळपट लघवी, खाज, गेलेली भूक, सगळं त्याला एकदम आठवलं. तिने सांगितलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.

बातमी पाटलांपर्यंत पोहोचली. बळवंतराव पाटील लगेच आले. “वैद्यबुवा, कावीळ कुणालाही होते. गोळीनेच झाली कशावरून? उद्या तोंड उघडलंत तर तुमची गोळी जाईल आणि तिच्यामागून आमचं पीक. जत्रा होईपर्यंत गप्प बसा.”

कशावरून? रेवणला तो शब्द सोडवेना. पाटील म्हणाले ते खरंही असू शकत होतं. त्या एका शब्दामागे त्याला जन्मभर लपता आलं असतं.

सकाळी अक्का जत्रेला निघाली तेव्हा तिने पदर पार कपाळाखाली ओढला होता. “मी अगदी मागे बसेन हो,” ती म्हणाली. “कुणाला दिसायची नाही.”

रेवण तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने तिचा हात धरला.

मांडवात राजाने शाल उचलली. रेवणने मान पुढे केली नाही. त्याने अक्काला समोर आणलं आणि तिचा पदर हलकेच मागे सारला.

“महाराज, माझी गोळी सगळ्यात जास्त हिने खाल्ली. हिचे डोळे बघा.”

मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी ओरडलं, “ज्या हळदीवर वाढलास तिलाच बट्टा लावतोस?”

“हळदीला नाही, दादा. चिमटीने तुझा पोरगा बरा झाला, तेव्हाही हळद हीच होती. माप मी बिघडवलं.”

राजा म्हणाला, “वैद्य, दोष गोळीचा नसेलही.”

“नसेलही, महाराज. पण मला खात्री नाही. खात्री नसताना मी ती घरोघर वाटली, आणि उद्या तुम्ही राज्यभर वाटणार होता.” मग तो लोकांकडे वळला. “माझ्यावर मागाहून रागवा. आधी आपापल्या शेजाऱ्याचे डोळे बघा.”

माणसं एकमेकांकडे वळली. कडेला एका म्हाताऱ्याचे डोळे पिवळे निघाले. बळवंतराव पाटलांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला हाताला धरून रेवणपुढे आणलं.

शाल घडी होऊन परत गेली. दवंडी पिटली गेली ती गोळ्या बंद करण्याची. म्हातारा आणि पाटलीणबाई लवकर सावरले. अक्काचे डोळे पांढरे व्हायला हळदीची पुढची लागवड उजाडली, आणि तिच्या अंगात पूर्वीचं बळ काही परत आलं नाही. रेवण पुन्हा प्रत्येक रोग्याला उजेडात उभं करून तपासू लागला.

अक्का फोडणीत हळद टाकी तेव्हा तो तिच्या चिमटीकडे बघत उभा राही. एकदा ती म्हणाली, “बघतोस काय? आईनं शिकवलेलंच माप आहे.”

तात्पर्य: गुणकारी वस्तूही मापाबाहेर गेली की अपाय करते. आपल्या हातून माप चुकल्याची शंका जरी आली, तरी मानसन्मानाकडे न पाहता ती त्याच वेळी चारचौघांत सांगावी. गप्प राहिलेल्या दिवसांची किंमत दुसऱ्याचं शरीर मोजतं.