एका रुपयाचा रिॲक्टर

"चाळीस लाख! उद्या दुपारपर्यंत टेबलावर ठेव, नाहीतर नोकरीही सोड आणि कारखान्याची खोलीही!"

तात्यासाहेब खांबेट्यांच्या रसायनांच्या कारखान्यात हिराजीच्या हातून पाना निसटून मोठ्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीत, पडला होता. आतल्या काचेच्या अस्तराचा टिकलीएवढा टवका उडाला. दुरुस्तीवाल्याने तो बुजवूनही दिला. पण तात्यासाहेब एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत!

"टवकाबिवका मला सांगू नकोस! रिॲक्टरची पुरती किंमत भर!"

हिराजी घरी येऊन भिंतीला टेकून बसला. पुढ्यातल्या ताटाला त्याने हातही लावला नाही. त्याची मुलगी सुगंधा कारखान्याचं कँटीन चालवायची. त्या गंधकाच्या वासात हे नाव म्हणजे कमालच, पण बारशाच्या वेळी कुणाला ठाऊक होतं!

"बाबा, जेवा. किंमत मी भरते."

"चहा विकून? चाळीस लाख?"

"तेवढे नाही लागायचे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तात्यासाहेबांच्या टेबलावर चहा ठेवला आणि बशीशेजारी एक रुपयाचं नाणं.

"हे काय?"

"रिॲक्टरची किंमत, साहेब."

"थट्टा करतेस?"

"मी कशाला करू? गेल्या आठवड्यात बोनसच्या बैठकीत मी चहा देत होते, तेव्हा तुम्हीच म्हणालात, 'कसला बोनस? कंपनी तोट्यात आहे! यंत्रं पार झिजली. त्या मोठ्या रिॲक्टरची किंमत उरलीय फक्त एक रुपया!' मला तर इतकं वाईट वाटलं, तुमच्या चहात साखर जास्त घातली."

तात्यासाहेब चपापले. "अगं, ती हिशेबातली किंमत! बाजारात चाळीस लाख पडतात!"

"असं होय! युनियनवाले बाहेरच उभे आहेत. बोलावते, त्यांनाही सांगा."

"थांब, थांब!"

इकडे आड, तिकडे विहीर! चाळीस लाख म्हणावं तर बोनस गळ्यात पडणार. त्यापेक्षा रुपया स्वस्त! तात्यासाहेबांनी नाणं उचलून मुकाट्याने खिशात टाकलं.

"बरं, मिळाली किंमत. हिराजीला कामावर यायला सांग. आणि रिॲक्टर चालू करा, आजच माल निघायला हवा!"

"तो नाही चालू व्हायचा, साहेब."

"का?"

"पुरती किंमत भरली, म्हणजे वस्तू आमची. बाबा त्याच्या झाकणाला कुलूप लावून बसलेत. वापरायचा तर भाडं पडेल."

"भाडं? माझ्याच कारखान्यात?"

"जागा तुमची, रिॲक्टर आमचा!"

"किती भाडं?"

"फार नाही. सगळ्यांचा बोनस!"

आधी तात्यासाहेबांचं पोट हलू लागलं, मग खुर्ची, आणि शेवटी ते इतके खो खो हसले की चहा बशीत सांडला.

"हरलो, बाई! बोनस सगळ्यांना, आणि हिराजीची नोकरी कायम! मात्र पुढच्या वर्षी बैठकीत तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचंस. चांगल्या पगारावर!"

"बसते की! पण मग चहा कोण देणार?"

"मी देईन!"

"द्या," सुगंधा रिकामा ट्रे उचलत म्हणाली, "पण साखर बेतानं घाला. कंपनी तोट्यात आहे ना!"