बिनहाकेचं तळं

पाहुण्यांनो, तुम्ही पार त्या टोकाला फोटो काढत उभे होतात. इथला म्हातारा काठी टेकत टेकत तिथवर आला आणि तुमचं कोपर धरून तुम्हाला जेवायला घेऊन आला. तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, बिचाऱ्याचा घसा बसलाय. घसा ठणठणीत आहे. त्याच्या बायकोला विचारा, ती कानांवर हात ठेवून सांगेल. पण या तळ्याच्या काठावर कुणी कुणाला हाक मारत नाही. जायचं, हात धरायचा, आणायचं.

नकाशात या तळ्याला कुणा साहेबाचं नाव आहे. नकाशा काढणाऱ्यानं इथल्या माणसांना काही विचारलंच नाही. विचारलं असतं तरी त्यांनी भलतंच नाव सांगून त्याची मजा केली असती, तेव्हा झालं ते बरंच झालं. अमेरिकेतल्या या मूळ लोकांना जग सू म्हणतं, तेही नाव दुसऱ्यांनीच चिकटवलेलं. ते स्वतःला लाकोटा म्हणवतात, आणि त्यांच्यात हे बिनहाकेचं तळं.

असं सांगतात की या गवताळ मुलखात गव्यांचे कळप अजून आभाळाच्या कडेपर्यंत दिसायचे, तेव्हाची ही गोष्ट. तीस-बत्तीस तंबूंचा एक तांडा हिवाळ्याला इथे उतरायचा. त्यात ओहांझी नावाचा एक माणूस होता. तरुणपणी त्याच्या स्वप्नात ढगांत गरजणारे थोर पक्षी आले. ज्याला ते दिसतात त्याला हेयोका व्हावंच लागतं. नाही झाला, तर वीज त्याला शोधत येते म्हणे.

हेयोका म्हणजे उलटा माणूस. उन्हाळ्यात तो केसाळ कातडं पांघरून कुडकुडायचा आणि बर्फात उघडा बसून घाम पुसायचा. घोड्यावर शेपटीकडे तोंड करून बसायचा. उकळत्या हंडीत हात घालून मांस काढायचा आणि म्हणायचा, "शी, किती गार!" बोलणंही उलटंच. "जा" म्हणाला की यायचं, "नको" म्हणाला की वाढायचं. पोरं त्याच्यामागे खिदळत फिरायची. तुम्हीही फिरला असतात, उगाच गंभीर चेहरे करू नका.

पण हे काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याची बायको वारली आणि इथल्या रीतीनं तिचा देह उघड्यावर मचाणावर ठेवला, तेव्हा ओहांझी पोट धरून हसला. त्याचं हसू पाहून लोक हसले, हसता हसता रडले आणि मोकळे झाले. हेयोका असतो तो त्यासाठीच. फक्त त्याची सहा वर्षांची मुलगी वियाका हसली नाही. ती बापाकडे नुसती बघत राहिली.

पुढे तिला सवय झाली. "चालती हो, तोंड बघायचं नाही मला तुझं," असं बाप म्हणाला की ती येऊन त्याच्या पांघरुणात शिरायची. तांड्यात त्याचं बोलणं तिच्याइतकं पटकन कुणाला उलटता येत नसे. तरी कुठेतरी खुपत असणारच. दुसऱ्या मुलींचे बाप दुसऱ्या मुलींशी कसं बोलतात, ते तिच्या कानांवर पडत होतंच की.

ती सतरा-अठराची झाली. दुसऱ्या तांड्यातल्या एका तरुणाशी तिचं ठरलं. वसंतात ती जाणार होती. त्या हिवाळ्यात एकदा बापाच्या पायताणाला टाके घालताना ती म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी माझ्याशी एकदा सरळ बोला. एकच वाक्य."

"रोज बोलतोच की," ओहांझी म्हणाला.

"म्हणजे कधीच नाही."

"आत्ता लगेच बोलतो."

"कळलं," वियाका म्हणाली आणि तिनं दोरा दातांनी तोडला.

ओहांझीनं तोंड फिरवलं. सरळ बोललं तर वीज आपल्याला शोधत येईल, याची त्याला स्वतःपुरती भीती नव्हती. पण वीज तंबू बघते, आत कोण बसलंय ते बघत नाही. लेक तंबूत आहे तोवर सरळ बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं म्हणे.

हिवाळा सरत आला. एका दुपारी वियाका आणि तिची मावशी वाश्तेविन पलीकडच्या काठावर सरपण आणायला गेल्या. जाताना बर्फावरूनच गेल्या. पण दिवसभर ऊन पडलं होतं. येताना काठाशीच वियाकाच्या पायाखाली काहीतरी कुरकुरलं आणि ती थांबली. वाश्तेविन म्हणाली, "वळसा घालून जाऊ या, पोरी. माझे पाय दुखतात, पण घालू या."

वियाका वळणारच होती.

इकडच्या काठावर ओहांझी बसला होता. तळ्याच्या मध्यावर बर्फाचा रंग बदलून काळपट झालेला त्याला दिसला, आणि त्यापलीकडे पाठीवर मोळी घेतलेली लेक दिसली. तो उठला. अठरा-वीस वर्षं ज्यानं एक शब्द सरळ उच्चारला नव्हता, तो छाती फुटेस्तोवर ओरडला, "येऊ नकोस! मागे फिर! बर्फ पातळ आहे!"

त्या क्षणी तो हेयोका राहिला असता, तर "ये, ये, भक्कम आहे" म्हणाला असता आणि पोर वाचली असती. आपण हेयोका आहोत हे तो विसरला, का त्याला जाणूनबुजून एकदा तरी बाप व्हायचं होतं, यावर इथे अजून भांडणं होतात. ओहांझीनं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

वाश्तेविन मात्र शेवटपर्यंत सांगत असे. हाक ऐकली तशी वियाका हसली. "बघ, बाबा बोलवतायत. बर्फ भक्कम आहे म्हणतायत. तुझे पाय दुखतात ना? तू इथेच थांब, मी घोडा घेऊन येते," असं म्हणाली आणि भराभर निघाली. ती जसजशी पुढे येत होती तसतसा बाप जास्त जोरानं ओरडत होता. आणि तो जितका ओरडत होता, तितकी ती झपाझप पावलं उचलत होती. तो बर्फावर धावत सुटला. मधल्या काळपट जागेवर पोचायला त्याला वीसेक पावलं कमी पडली.

बर्फ वितळल्यावर ती सापडली. तिला मचाणावर ठेवलं, तेव्हा सगळा तांडा ओहांझीकडे बघत राहिला. तो हसला नाही. तो हसेना, म्हणून कुणाला हसता येईना, आणि हसता येईना म्हणून रडताही येईना. लोक तसेच आपापल्या तंबूंत गेले.

मग पहिलं वादळ आलं. व्रत मोडलेला माणूस अंगावरचं सगळं काढून त्या समोरच्या टेकडीवर जाऊन उभा राहिला. डावीकडे वीज पडली, उजवीकडे पडली, एक झाड उभं चिरलं. त्याला काही झालं नाही. ढग पुढे निघून गेले आणि ओहांझी भिजलेला खाली आला. मेघांनाही तो नको होता, असं सांगतात.

त्यानंतर तो उलटं बोलला नाही आणि सरळही बोलला नाही. पुढच्या हिवाळ्यात कुणाची तरी चिमुरडी बर्फावर गेली. तिच्या आईनं हाक मारायला तोंड उघडलं, तोच ओहांझीनं तिच्या तोंडावर तळवा ठेवला. मग तो चालत गेला आणि मुलीचा हात धरून तिला घेऊन आला. मरेपर्यंत तो हेच करत राहिला. आधी लोकांना त्याची दया यायची, मग ते आपोआप तसं करू लागले.

तुम्ही म्हणाल, हा शुद्ध वेडेपणा. शिकलेली माणसं तुम्ही, म्हणणारच. वाचवायचं तर ओरडावं, एवढं इथल्यांनाही कळतं. पण त्या दुपारी तो ओरडला नसता, तर ती वळसा घालून घरी आली असती, हेही त्यांना कळतं.

आजही या बर्फावर कुणी दिसलं, की काठावरचे सगळे एकदम गप्प होतात. मग कुणीतरी उठतं, बूट चढवतं आणि चालू लागतं. कधी कधी पोचायला उशीर होतो. तरी हाक कुणी मारत नाही.