घुमटातले पाच साहेब

आमच्या विद्यापीठाच्या घुमटाच्या सभागृहात मी पडद्यांचे दोर ओढायला होतो, तेव्हाची ही गंमत. तिथे पूर्वी एक माणूस बोलला की पाच जण बोलल्यासारखं घुमायचं. शरयूबाई नाईकवाड्यांनी आवाजावर संशोधन केलं, भिंतींवर नारळाच्या काथ्याचे जाड पडदे चढवले आणि घुमट गप्प झाला.

एक दिवस तपासणी समितीचे तोरसकरसाहेब व्यासपीठावरून गरजले, "बाई, तुमच्या संशोधनाचा लोकांना उपयोग काय? आजच तुमची प्रयोगशाळा बंद करतो!"

बाई हसून म्हणाल्या, "करा की. मामा, आपले पडदे तेवढे उतरवा."

मी सावकाश दोर सोडले. साहेब निर्णय वाचू लागले, तर घुमटात पाच साहेब एकमेकांशी भांडायला लागले. साहेब "शांत बसा!" म्हणून ओरडले, तसे पाचही ओरडले. लोक हसले, तर घुमटही खदखदला. कुणाला एक अक्षर कळेना.

बाई साहेबांच्या कानाशी गेल्या. मी शेजारीच होतो.

"साहेब, आधी काय करू? पडदे लावू, की प्रयोगशाळा बंद करू?"

साहेबांनी तोंड उघडलं, घुमटाकडे बघितलं, मिटलं. मग माझ्याकडे वळून दोन्ही हातांनी खुणा करू लागले: ओढा, मामा, ओढा!

मी ओढले. प्रयोगशाळा अजून चालू आहे.