शेगडीच्या मेजाची जागा

आमच्या वाडीतले वसंतराव खानविलकर शहरातून चिनी मातीची मोठी कोळशाची शेगडी घेऊन आले. ती बसवायला अंगणात लाकडी मेज हवं होतं, आणि त्याच्या लाकडासाठी अंगणातलंच फणसाचं झाड तोडायचं त्यांनी ठरवलं. फणस त्यांच्या वडिलांनी लावलेला. त्यांची आई रोज दुपारी त्याच्याखाली बसायची.

"या घरात शेवटचा शब्द माझा," ते आईसमोरच भिवा मेस्त्रीला म्हणाले. "लाव करवत."

"शब्द तुझाच रे," आई म्हणाली. "पण करवत लावण्याआधी मालकानं मेजाची जागा आपल्या हातानं आखायची, ही आपली रीत आहे."

वसंतराव चुन्याची फक्की घेऊन भर उन्हात अंगणभर फिरले. पाय पोळले, तसे फणसाखाली आले आणि तिथेच चौकोन आखला.

"हीच जागा. इथे गार आहे. पाहुणे इथेच बसतील."

"चांगली निवडलीस," आई म्हणाली. "आता एवढंच सांग, झाड तोडल्यावर ही जागा कुठून आणायची?"

वसंतरावांनी हातातली फक्की खाली ठेवली.

"मेस्त्री," ते हळूच म्हणाले, "वखारीत साग मिळेल ना?"

मेज सागाचं झालं. शेगडी पेटते तेव्हा आई आपली खुर्ची जरा बाजूला सरकवते, एवढंच.