पालकाची सही

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिव्यांग मुलांच्या संस्थेच्या कार्यालयात व्यवस्थापक चौगुलेसाहेबांनी शेवंताबाईंपुढे कागद सरकवला. शेवंताबाईंची स्वमग्न लेक रेवती रोज संस्थेच्या केंद्रात वाती वळायला जायची. काल तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती.

"बाई, मुलगी सज्ञान झाली. आता केंद्र बंद. नाव कमी करायचा कागद आहे, करा सही."

जणू स्वमग्नता वाढदिवस बघून घर सोडते! उद्यापासून पोरगी दिवसभर भिंतीकडे बघत बसणार. शेवंताबाईंनी कागद नीट वाचला आणि पेन शेजारी बसलेल्या रेवतीच्या हातात दिलं. ती टोपण काढू-लावू लागली.

साहेब खेकसले, "तिला काय कळतंय? खाली लिहिलंय बघा, पालकाची सही."

"सज्ञान माणसाला पालक कशाला लागतो, साहेब?"

"अहो, अशा मुलांना जन्मभर लागतो."

"मग केंद्रही जन्मभर लागतं. आत्ता बोललात तेवढं याच कागदावर लिहा, आणि खाली सही तुमची करा."

साहेबांनी कागद मागे ओढला. रेवतीचं नाव पटावर राहिलं.

तुमच्या ओळखीत कुणाचं असं लेकरू अठराचं होत असेल, तर त्याच्या आईच्या कानावर एवढं घालाच.