दहाव्याचा विनोद

एका राज्यात राजा हत्तीवरून पडून वारला, आणि त्याच्या दहाव्याला सूर्य माथ्यावर येऊन तिथेच थांबला. पिंडाला कावळा शिवेना. उभी पिके करपू लागली. घाटावरचा मांत्रिक म्हणाला, "राजाचा जीव कशात तरी अडकला आहे. तो सुटेतो दिवस ढळायचा नाही. सोडवायला जाऊन जो चुकेल, तो दगड होईल."

प्रधान पुढे झाला. राज्य सांभाळीन म्हणाला, दगड झाला. सेनापती आला. शत्रूचा गड घेईन म्हणाला, तोही दगड झाला. तिसरा आला केरबा विदूषक. हात जोडून म्हणाला, "महाराज, तुमच्या भारातून हत्ती सुटला एकदाचा. आता तो कावळ्याने का उचलावा?"

सारा घाट खदखदून हसला. केरबा हसता हसताच दगड झाला.

त्याची बायको सगुणा, लग्नाला जेमतेम दोन महिने झालेली, मात्र हसली नव्हती. सगळे केरबाकडे पाहत होते तेव्हा ती राणीकडे पाहत होती. राणीने पदर दातांत घट्ट धरला होता. आणि कावळाही पिंड सोडून राणीकडेच पाहत होता.

नवऱ्याच्या दगडी बोटांवरून हात फिरवून सगुणा राणीपाशी जाऊन बसली.

"राणीसाहेब, माझ्या माणसाने घाटाला हसवलं, तुम्हाला विचारलं नाही. मी विचारते. तुम्ही दोघं कशाला हसायचात?"

राणीने दातांतला पदर सोडला. मग हळूहळू सांगू लागली. तीस वर्षे ती स्वतः रांधायची, आणि राजा पहिला घास घेऊन एकच म्हणायचा, कालचं बरं होतं. तिने पहिल्यांदा चूल पेटवली त्या दिवशीसुद्धा हेच म्हणाला.

"हे महाराजांना ऐकवा," सगुणा म्हणाली.

"तूच ऐकव. विदूषकाची बायको ना तू?"

"माझ्या तोंडी ते वाईट दिसेल."

चुकली तर दगड, हे राणीलाही ठाऊक होते. तरी ती उठली, पिंडासमोर उभी राहिली.

"महाराज, हा पिंड मी केलाय. काल काहीच केलं नव्हतं. तेव्हा आज तरी मुकाट्याने खा."

कावळा झपकन खाली उतरला, त्याने एक घास घेतला, आणि माणसाच्या स्वच्छ वाणीत म्हणाला, "कालचा बरा होता."

राणी हसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती पोट धरून हसत होती. ती हसली तेव्हा सगुणा हसली, मग सारा घाट. सूर्य पश्चिमेला कलला. दगडांची माणसे झाली, नगारे झडले, राणीच्या नावाचा जयघोष झाला.

केरबा अंग झाडत म्हणाला, "दगडातूनही ऐकला मी, काय विनोद होता. उद्या दरबारात मी हाच सांगतो."

"अहो, तो त्यांचा आहे," सगुणा म्हणाली. "तुम्ही आपला दुसरा शोधा."

राणी गादीवर बसली आणि त्या राज्यात दिवस वेळच्या वेळी मावळू लागले. तसेच ते तुमच्याआमच्या घरीही मावळोत.