आवडीची सावली आणि निलवंत

घाटातला रस्ता जिथे संपतो आणि एसटी जिथून वळून परत जाते, त्याच्याही पुढे अर्धा तास चाललं की एक जंगल लागतं. जांभळांचं, फणसांचं, जांभळ्या-निळ्या फुलांनी डवरलेल्या अंजनीचं. त्या जंगलाच्या कडेला एक कुडाचं घर होतं आणि त्या घरात आवडी राहत होती. नऊ वर्षांची, बारीकशी, केसांना नेहमी कुठलंतरी पान अडकलेलं. वडील दूर रस्त्याच्या कामावर असायचे. आई पहाटे करवंदं तोडायची आणि द्रोण भरून एसटीच्या थांब्यावर विकायला बसायची. घरी आवडी आणि तिचा धाकटा भाऊ केरू.

केरू सहा वर्षांचा होता. होळीनंतर त्याला मोठा ताप आला. ताप गेला, पण त्याचे पाय जणू झोपूनच राहिले. एकदा तो उभा राहायला गेला आणि धपकन पडला. त्या दिवसापासून त्याने जमिनीला पाय म्हणून लावला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आईला सांगितलं, "पायात दोष नाही, भीती बसलीय. पण पावसाळ्याच्या आत चालला नाही, तर पाय असेच राहतील." आईने मान हलवली आणि येताना सगळी वाट ती केरूला पाठीवर घट्ट धरून चालली.

आवडीला वाटलं, याला काहीतरी छान आणून दाखवावं. तिने एक पिवळंधमक फुलपाखरू धरलं, बरणीत घातलं आणि झाकणाला भोकंही पाडली. सकाळी बघते तर ते पंख मिटून तळाशी पडलेलं. केरूने भिंतीकडे तोंड केलं. "आक्का, माझ्यासाठी कुणाला डांबून नको आणू," तो म्हणाला. आवडी परसात जाऊन खूप रडली. तिने फुलपाखराला लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि त्याची माफी मागितली.

आणि मग एक दिवस एसटीच्या कंडक्टरमामांनी तिच्या हातात एक खोकं ठेवलं. ते शहरातल्या सबनीसकाकांनी पाठवलं होतं. हे काका दर उन्हाळ्यात फुलपाखरांचे फोटो काढायला यायचे. आवडी त्यांना जागा दाखवायची आणि काका तिला शिकवायचे: खाली वाक, श्वास रोखून धर, घाई करू नको. यंदा गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं होतं. खोक्यात त्यांचा जुना, काळा, रोलचा कॅमेरा होता आणि एक चिठ्ठी. लिहिलं होतं, "रोलमध्ये तीनच फोटो उरलेत. ते तू काढ. मग कॅमेरा कंडक्टरमामांकडे दे. फोटो धुऊन पाठवतो."

आवडी कॅमेऱ्याकडे बघतच राहिली. फुलपाखरू घरी न्यायचं आणि तरी ते जंगलातच राहणार! हे बरणीवाल्या बाईला आधी का सुचलं नाही, असं म्हणून तिने स्वतःच्याच डोक्यात एक टप्पल मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून ती ओढ्यावर गेली. उन्हाळ्यात फुलपाखरं ओल्या चिखलावर बसतात आणि इवल्याशा सोंडांनी त्यातला ओलावा पितात, हे तिला काकांनी शिकवलं होतं. पण यंदा ऊन असं कडक, की ओढ्याकाठची ओल पार वाळली होती. भेगाळलेल्या मातीवर दोन-चार पाकोळ्या हिरमुसून बसल्या होत्या. आवडीजवळ प्यायच्या पाण्याची एक बाटली होती. तिने दोन घोट घेतले आणि बाकी सगळं पाणी त्या मातीवर ओतलं.

"आता तुला तहान लागली तर?" कोणीतरी विचारलं.

आवडीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अंजनीच्या फांदीवर, जांभळ्या फुलांच्या झुबक्यात, अंगठ्याएवढी एक परी बसली होती. तिचा झगा कोवळ्या पानाचा, केस उन्हाच्या तिरिपेचे, आणि पंख असे झगमगते की त्यांचा रंग सांगावा तोवर बदलायचा. पावलं मात्र चिखलाने माखलेली होती. चिखलात खेळणाऱ्या परीची भीती कशी वाटेल? आवडी म्हणाली, "मला घर जवळ आहे. यांना कुठंय?"

परी हसली, आणि चार फुलं उगाचच उमलली. तिने आवडीच्या गळ्यातली काळी पेटी न्याहाळली आणि सांगितलं, की या तीन फोटोंबरोबर तुला तीन मागणी मागता येतील. मागायचं आणि कळ दाबायची. पण नियम आहेत.

"जेवढं फुलपाखरू, तेवढंच मागणं," परी एकेक बोट मोडत म्हणाली. "फुलपाखराला हात लावायचा नाही. आणि कुठल्याच फुलपाखरावर तुझी सावली पडू द्यायची नाही. सावली पडली की मागणं गेलं. मी परी असले तरी नियम मला मोडता येत नाहीत."

सावलीचं आवडीला माहीत होतं. सावली पडली की फुलपाखरू भुर्रकन उडतं, म्हणून काका नेहमी सूर्याच्या बाजूने जाणं टाळायचे. केरूच्या पायांचं मागणं मोठं होतं. त्याला सगळ्यात मोठं फुलपाखरू हवं, म्हणजे निलवंतच हवं. काळ्या मखमली पंखांवर निळं आभाळ सांडलेलं ते भलंमोठं फुलपाखरू इथे यायचं, पण रोज नाही.

त्या दिवशी ओल्या मातीवर नखाएवढं एक निळसर फुलपाखरू येऊन बसलं. एवढ्याशा फुलपाखराकडे काय मागणार? आवडी पोटावर सरपटत गेली, श्वास रोखला आणि पुटपुटली, "केरूला आजची पेज गोड लागू दे." खट्. संध्याकाळी केरूने वाटीभर पेज खाल्ली आणि बोटाने वाटी पुसून घेतली. आई बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र फजिती झाली. आवडीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण घरातली भाकरी एकच होती आणि ती केरूला दिलेली. ठिपक्यांचं एक नारिंगी फुलपाखरू समोर येऊन पंख उघडून बसलं. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेमका तेव्हाच पोटात कावळ्यांनी दंगा केला. "एक पिकलेला आंबा मिळाला असता तर," असं तोंडातून निघून गेलं आणि बोटही दाबलं गेलं. खट्. पाठोपाठ धप्प. वरून एक केशरी, रसरशीत आंबा तिच्या पुढ्यात पडला.

परी हसून हसून फांदीवरून घसरली. आवडीला आधी रडू आलं आणि मग तीही हसली. पण आंबा तिने तिथे खाल्ला नाही. घरी नेऊन त्याची एक फोड आईला दिली, एक केरूला दिली आणि स्वतः कोय चोखत बसली. चांगला तासभर पुरली तिला ती कोय.

तिसऱ्या दिवशी आभाळात पश्चिमेकडे ढगांची पहिली पांढरी किनार दिसली. आई ते बघत दारातच उभी राहिली आणि आवडीला कळलं. पावसाळा जवळ येत होता. तिने भरलेली बाटली घेतली आणि ती धावतच ओढ्यावर गेली.

तिने चिखल भिजवला आणि दगडामागे दबा धरून बसली. ऊन चढत गेलं. आणि मग दोन झाडांमधून, अजिबात घाई नसल्यासारखा, तो आला. निलवंत! काळेभोर, रुंद पंख, त्यांवर निळ्या चंदेरी रंगाचे पट्टे. चिखलावर उतरून तो सोंडेने पाणी पिऊ लागला. उजेड चांगला होता, सावली मागे पडत होती. आवडीने कॅमेरा उचलला. ओठांवर मागणं तयार होतं.

तेवढ्यात तिच्या डाव्या हाताला, काळ्या कातळावर, काहीतरी हललं.

रानलिंबाच्या फांदीवरचा कोश नुकताच फुटला होता. त्यातलं फुलपाखरू खाली, तापलेल्या कातळावर पडलं होतं. त्याचे पंख अजून ओले आणि पिळून टाकलेल्या रुमालासारखे चुरगळलेले होते. ओले पंख आधी उलगडावे लागतात आणि मग सावकाश वाळावे लागतात. भर उन्हात ते असेच वाळले, तर वेडेवाकडेच राहतात आणि ते फुलपाखरू कधीच उडत नाही. काकांनी तिला असं एक दाखवलं होतं. हात लावावा तर ओले पंख बोटाला चिकटून फाटणार. त्याला हवी होती फक्त सावली. आणि तिथे सावली एकच होती, आवडीची.

तिने निलवंताकडे पाहिलं. तो अजून बसला होता. कळ दाबायला कितीसा वेळ लागतो? पण तोंडात मागणं होतं केरूच्या पायांचं, आणि समोर कुणीतरी कातळावर धडपडत होतं, पुन्हा पुन्हा उठायला जात होतं आणि पडत होतं. अगदी केरूसारखं. आवडीला ते बघवेना.

ती उठली आणि कातळाजवळ जाऊन सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची सावली फुलपाखरावर पडली. मागे चिखलावरचा निलवंत दचकून उडाला आणि झाडांत नाहीसा झाला. आवडीने वळून पाहिलं नाही. तिने एक काडी उचलून कातळाच्या फटीत खोचली. ते फुलपाखरू लटपटत त्या काडीवर चढलं आणि सावलीत लोंबकळत राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. आवडीची पाठ भाजली. घशाला कोरड पडली. मुंगी चावली तरी ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, कारण मागणं गेलं होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. हळूहळू तो रुमाल उलगडला. काळं मखमल दिसलं. मग निळा पट्टा दिसला. तोही निलवंतच होता, आजच जन्मलेला.

परी कातळाच्या कडेवर येऊन बसली. आवडीने लपवाछपवी केली नाही. "माझी सावली पडली," ती म्हणाली. "मी मुद्दाम पाडली."

"मी बघितलं," परी हळूच म्हणाली. "मागणं गेलं, आवडी. मला ते परत देता येत नाही. तुला वाईट वाटतंय?"

"खूप वाटतंय," आवडी म्हणाली. "पण उद्यासुद्धा मी असंच करेन."

परी उडून आवडीच्या खांद्यावर बसली. मग ती म्हणाली, "नियम आहेत ते मागण्याला. न मागता कुणी काही दिलं, तर त्याला नियम कसला?" तिने आवडीच्या गालावरचा एक अश्रू आपल्या ओंजळीत घेतला. तेवढ्यानेच तिची ओंजळ भरली. परी त्या थेंबात हसली आणि तो उजळला. मग परी उजळली, अंजनीची फुलं उजळली, ओढा, कातळ, पानन् पान सोनेरी झालं. आवडीने डोळे मिटले. गळ्यातला कॅमेरा आपोआपच बोलला, खट्. डोळे उघडले तेव्हा फांदीवर परी नव्हती. चिखलात फक्त तिच्या दोन इवल्याशा पावलांचे ठसे होते.

आवडी घराकडे निघाली. थोडं चालल्यावर तिने सहज खाली पाहिलं आणि ती थबकलीच. तिच्या सावलीत निलवंत उडत होता. ती थांबली की थांबायचा, ती चालली की चालायचा. असं करत करत तो जंगल ओलांडून, अंगण ओलांडून, थेट घरात आला.

केरू बाजेवर पडला होता. निलवंत त्याच्याभोवती एक फेरी मारून त्याच्या उघड्या पायावर बसला. केरूने श्वास रोखला. "आक्का, तू याला धरून आणलंस?"

"नाही रे. त्याचं तोच आलाय."

निलवंताचे पाय गुदगुल्या करत होते. केरूच्या पायाचा अंगठा हलला. मग सगळी बोटं हलली. निलवंत उडाला आणि दोन हात लांब, जमिनीवर बसला. केरूने बाजेवरून पाय खाली सोडले. निलवंत आणखी पुढे जाऊन उंबऱ्यावर बसला. केरू उभा राहिला, डुगडुगला, त्याने कुडाचा आधार घेतला आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आवडी जागची हलली नाही, श्वाससुद्धा घेतला नाही, काकांनी शिकवलं होतं तसं.

केरू अंगणात पोचला, तेव्हाच आई रिकामी पाटी घेऊन वाटेवरून येत होती. तिच्या हातून पाटी पडली. निलवंत तिच्या डोक्यावरून उंच गेला, झाडांवर चमकला आणि जंगलात परत गेला. आईने केरूला पोटाशी धरलं, मग आवडीला, आणि मग तिघंही अंगणातच बसून हसली-रडली.

आवडीने कॅमेरा परत पाठवला, त्यानंतर पंधरा दिवसांनी कंडक्टरमामांनी एक पाकीट आणून दिलं. त्यात तीन फोटो होते. पहिल्यात नखाएवढं निळसर फुलपाखरू. दुसऱ्यात नारिंगी ठिपकेवालं, थोडं हललेलं, कारण पोटात कावळे होते. तिसऱ्यात सोन्यासारखं ऊन, काळा कातळ, त्यावर एका मुलीची सावली, आणि सावलीच्या बरोबर मधोमध पंख उघडून बसलेला निलवंत. मागे काकांनी लिहिलं होतं, "आवडे, सावली पडू द्यायची नसते, असं मीच तुला शिकवलं ना? मग आयुष्यात पाहिलेला सगळ्यात सुंदर फोटो हाच कसा गं?"

आईने तो फोटो केरूच्या बाजेसमोरच्या कुडावर, त्याला पडल्या पडल्या दिसेल असा लावला. पण तो तिथे कुणी पाहिलाच नाही. बाज दिवसभर रिकामीच असायची. केरू आणि आवडी तिकडे ओढ्यावर, एक बाटली पाणी घेऊन चिखल भिजवत बसलेली असायची.